फिल्टर घ्या, पण आधी साबणाची जागा ठरवा

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्याच्या काही मैत्रिणी आणि त्यांच्या घरची मंडळी मिळून दरवर्षी हिमालयात एक ट्रेक करतो. सगळी जमवाजमव माझ्याकडे असते. गेल्या मे महिन्यात कुलूकडच्या एका ट्रेकला आम्ही 16 जण होतो. तिसऱ्या कॅम्पवर रात्री एका मैत्रिणीला उलट्या सुरू झाल्या. तिने सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौघांना आणि त्याच्या पुढच्या दिवशी आणखी पाच जणांना उलट्या-जुलाब. दोघांना खेचरावर बसवून खाली आणावं लागलं. घरी परतल्यावर दहा-बारा दिवसांनी माझ्या नवऱ्याचं पोट फुगायला लागलं, घाण वासाचे ढेकर आणि पातळ शौच. ते तीन आठवडे चाललं. पाणीच खराब होतं यावर ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकमत आहे. काही जणांना कॅम्पच्या स्वयंपाक्याची तक्रार करायची आहे. आता ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या हर की दूनला जायचं ठरतंय. बरोबर बारा वर्षांची भाची आणि बासष्ट वर्षांचे सासरे आहेत. सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. फिल्टर कोणता घ्यावा? पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक घेत राहिलं तर चालेल का? आणि कुणाला त्रास सुरू झालाच, तर ट्रेक सोडून खाली कधी यायचं?

उत्तर:

ताई, तुम्ही कोण कधी आजारी पडलं हे नीट लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. पोटाच्या आजारात ही माहिती फार कामाची असते.

पाणी किंवा एखादं जेवण खराब असतं, तर ते घेतलेले बहुतेक जण थोड्याफार अंतराने एकदमच आडवे झाले असते. तुमच्याकडे तसं झालं नाही. आधी एक, मग चार, मग पाच, आणि दर वेळी मध्ये साधारण एक दिवस. ही चाल माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या आजाराची आहे. शौचाची तपासणी झालेली नाही, त्यामुळे जंतूचं नाव छातीठोकपणे घेता येणार नाही. पण अचानक उलट्या, पाठोपाठ जुलाब आणि 12 ते 48 तासांत शेजारच्याला लागण हे वर्णन नोरोव्हायरसला चपखल बसतं. पर्यटकांच्या बोटी, वसतिगृहं, कॅम्प अशा दाटीवाटीच्या जागी तो असाच पसरतो. अमेरिकेत ग्रँड कॅनियनमध्ये 2022 च्या एप्रिल ते जून या काळात नदीत राफ्टिंग करणारे आणि पाठीवर सामान घेऊन फिरणारे दोनशेहून अधिक लोक असेच आजारी पडले होते आणि तपासणीत नोरोव्हायरस सापडला होता. त्या मंडळींकडे पाणी गाळायची साधनं नव्हती असं नाही.

तुमच्या नवऱ्याचा आजार मात्र वेगळा दिसतो. दहा-बारा दिवसांनी सुरुवात, पोटात वायू, सडक्या अंड्यासारखे ढेकर, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारं पातळ शौच, ही जिआर्डियाची लक्षणं आहेत. हा परजीवी पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून माणूस डोंगरावर ठणठणीत असतो आणि घरी येऊन झोपतो. त्यांना विचारून पाहा, वाटेत एखाद्या ओढ्यावर त्यांनी बाटली भरून तशीच तोंडाला लावली होती का. कुलूकडच्या कुरणांवर उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळांचे कळप चढलेले असतात. ओढा कितीही स्वच्छ आणि गार दिसला, तरी वरच्या वळणावर मेंढ्या किंवा माणसं बसली असतील तर खालच्या माणसाला ते कळत नाही. पोट अजून कुरकुरत असेल किंवा वजन उतरलं असेल, तर डॉक्टरांना ट्रेकचं आवर्जून सांगा आणि शौचाची तपासणी करून घ्या. जिआर्डिया एका नमुन्यात निसटू शकतो, वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने द्यावे लागतात. औषध साधं आणि थोड्या दिवसांचं असतं.

म्हणजे एकाच ट्रेकवर बहुधा दोन आजार झाले. एक हातांनी पसरला आणि एक पाण्यातून आला. फिल्टरचा उपयोग दुसऱ्यासाठी होता.

आता फिल्टरचंच बोलू. बाटलीला किंवा पिशवीला लावायचे, आत बारीक पोकळ धाग्यांचे जुडगे असलेले फिल्टर मिळतात. त्यांची छिद्रं साधारण 0.1 मायक्रॉनची असतात. जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात. विषाणू त्याहून खूपच लहान, ते आरामात पार होतात. म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायची. गोळी विषाणू आणि जिवाणू मारते, परजीवी फिल्टरने आधीच अडवलेले असतात. गोळीच्या पाकिटावर अर्धा तास लिहिलेलं असतं, ते कोमट हवेतल्या पाण्यासाठी. बर्फ वितळून आलेल्या पाण्यात क्लोरीनचं काम संथ चालतं, तिथे वेळ दुप्पट धरा. पाणी गढूळ असेल तर आधी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या, गाळात गोळीचा जोर वाया जातो. आणि एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: हे फिल्टर एकदा वापरून ओले झाले आणि रात्री गोठले, तर आतले धागे चिरतात. वरून काहीच दिसत नाही, पाणी पहिल्यासारखं येत राहतं, पण गाळण्याचं काम संपलेलं असतं. ऑक्टोबरात हर की दूनच्या माथ्याकडे रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा फिल्टर झटकून, पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये उशाशी घ्या. या दोन गोष्टी सांभाळल्यात तर कुठल्याही चांगल्या कंपनीचा फिल्टर चालेल.

तरी माझं मत विचाराल तर कॅम्पवर उकळलेलं पाणी सगळ्यात भरवशाचं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून ते निर्जंतुक होत नाही, असा एक समज ट्रेकर मंडळींत पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. साडेतीन हजार मीटरवर पाणी साधारण 88 अंशांना उकळतं आणि पोटाच्या जंतूंना तेवढं पुरून उरतं. फक्त खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं तशीच ठेवायची. बुडबुडे दिसू लागताच उतरवलेलं पाणी यात धरू नका. आयोजकाशी पैशांचं बोलताना हे आधीच ठरवा, कारण तीन मिनिटं जास्त म्हणजे गॅस जास्त आणि तो खेचरावर वाहून न्यावा लागतो. रात्री जेवणानंतर प्रत्येकाची बाटली उकळलेल्या पाण्याने भरून मिळेल, एवढं कबूल करून घ्या. ती बाटली रात्री पायाशी घेतली की ऊबही मिळते.

आता हातांकडे येऊ. तुमच्या पत्रात पाण्याबद्दल बरंच आहे, हात धुण्याबद्दल एक शब्दही नाही. दोष देत नाही, बहुतेक पत्रांत नसतो.

कॅम्पवर सकाळी सहाला काय चालतं ते आठवा. टॉयलेट टेंटबाहेर तिघे-चौघे उभे. आतला माणूस बाहेर येतो आणि टेंटची चेन ओढतो. ती चेन त्या दिवशी 16 जणांनी दोन-दोनदा धरलेली असते. बाहेर पाण्याची बादली असते, तिच्यावर कधी बर्फाचा पापुद्रा असतो, साबणाची वडी मातीत पडलेली असते. बोटं आधीच बधिर झालेली. माणूस दोन बोटं ओली करतो, जॅकेटला पुसतो आणि चहाकडे जातो. ट्रेमधला कप उचलताना शेजारच्या दोन कपांच्या कडांना बोटं लागतात. मग कुणीतरी चिवड्याची पिशवी फिरवतं आणि सगळे हात एकापाठोपाठ एक आत जातात. नोरोव्हायरसचे मोजके कणसुद्धा आजारी पाडायला पुरतात. अशा सकाळी ओढ्याचं पाणी अगदी निर्मळ असलं तरी आजार पसरणारच.

सॅनिटायझर असतोच की, असं तुम्ही म्हणाल. जिवाणूंवर तो बरा आहे, पण नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो, आणि मातीने-तेलाने माखलेल्या हातांवर तर कशावरच धड पडत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. अमेरिकेतल्या अपालाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर आठवडा किंवा त्याहून जास्त चाललेल्या लोकांचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक लोकांना वाटेत जुलाब झाले होते. पाणी नियमाने शुद्ध करणारे, भांडी नीट घासणारे आणि शौचानंतर हात धुणारे यांच्यात ते प्रमाण कमी होतं. तिन्ही सवयी लागतात, एकीचं काम दुसरी करत नाही.

म्हणून हर की दूनला जाताना आयोजकाकडे माझ्या सांगण्यावरून एकच जादा सोय मागा: सकाळी, आणि प्रत्येक जेवणाआधी, हात धुण्यासाठी कोमट पाण्याची एक किटली. पाणी कोमट असलं की लोक धुतात. गार असलं की कितीही भाषण द्या, धुत नाहीत. टॉयलेट टेंट आणि किचन टेंट यांच्या मधल्या वाटेवर जागा ठरवा, म्हणजे चुकवून जाता येणार नाही. पाच लिटरच्या कॅनच्या झाकणाला दोन-तीन भोकं पाडा, कॅन दगडावर आडवा ठेवा. साबणाची वडी जुन्या पायमोज्यात घालून तो कॅनच्या मुठीला बांधा, म्हणजे ती मातीत पडत नाही आणि मोज्यासकट हातावर चोळता येते. जेवणाआधी एकाने उभं राहून सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं, गावाकडे पंगतीआधी घालतात तसं. ही पाळी तुमच्या भाचीला द्या. बारा वर्षांची मुलगी समोर किटली घेऊन उभी राहिली की मोठी माणसं निमूटपणे हात पुढे करतात.

पिण्याच्या पाण्याच्या पिंपात कुणीही मग बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं घरून न्या, वजन नगण्य असतं. चिवडा, सुका मेवा पिशवीतून तळहातावर ओतून घ्यायचा, पिशवीत हात घालायचा नाही. ताटं प्रत्येकाने ओढ्यावर नेऊन खरकट्यासकट विसळण्याऐवजी किचनजवळ साबणाने घासून शेवटी कढत पाण्यातून काढायची आणि उपडी वाळवायची. ज्या एका फडक्याने सगळी ताटं पुसली जातात, ते फडकं मला ओढ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

टॉयलेटचा खड्डा ओढ्यापासून निदान 60 मीटर दूर आणि पाणी भरायच्या जागेच्या खालच्या अंगाला हवा. थंडीत मैला कुजायला फार वेळ लागतो. पुढच्या पावसात नाहीतर बर्फ वितळताना तो उताराने वाहून जातो. हर की दूनच्या खोऱ्यात ओसला, गंगाड ही नांदती गावं आहेत, आणि हेच पाणी पुढे सुपिन नदीला मिळतं. आपण चार दिवस पाहुणे म्हणून जातो, तिथली मुलं मात्र बारा महिने तिथलंच पाणी पितात. त्यांच्या पोटात काय जातं, याची काळजी आपण केली पाहिजे. सह्याद्रीतल्या गडांवरच्या टाक्यांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. पिण्याच्या टाक्यात ताट विसळणारा आणि चूळ भरणारा माणूस मागून येणाऱ्या प्रत्येक ग्रुपला आजारी पाडायची तयारी करून ठेवत असतो.

स्वयंपाक्याची तक्रार करू नका असं मी मनापासून सांगेन. पहिली आजारी पडली ती तुमची मैत्रीण, स्वयंपाकी नव्हे. तिने त्या सकाळी कुणाला चहा दिला का, पोळ्यांना हात लावला का, हे आठवून बघा. ते तिला ओशाळं करण्यासाठी नव्हे, पुढे काय करायचं ते कळावं म्हणून. आणि स्वयंपाक्याच्या बाजूने विचार करा. त्याचं पोट बिघडलं आणि त्याने सांगितलं, तर त्या दिवसाची मजुरी जाईल अशी त्याला धास्ती असते. मग तो कसा सांगेल? निघण्याआधीच आयोजकाला स्पष्ट सांगा की आजारी पडलेल्या माणसाला पूर्ण मजुरी मिळेल आणि तो बरा झाल्यावरही दोन दिवस किचनमध्ये येणार नाही. तोच नियम तुमच्या ग्रुपलाही. जुलाब थांबल्यावरही विषाणू काही दिवस बाहेर पडत राहतो.

तुमच्या मैत्रिणीने रात्रभर सांगितलं नाही, यात मला नवल वाटलं नाही. डोंगरात बायका मुळात पाणीच कमी पितात, वारंवार टेंटबाहेर जायला नको म्हणून. वरून जुलाब लागले की शरीर फार लवकर सुकतं, आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल’ ही भीती असतेच. पहिल्या संध्याकाळी सगळे जमलेले असताना तुम्ही स्वतः हा विषय काढा. पोट बिघडलं तर रात्री दोनलाही उठवायचं, आणि कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत. हे पुढारी बाईने मोठ्याने बोलून दाखवलं की पुढचं सोपं जातं.

अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून घेत राहू नका. विषाणूवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, जंतू निगरगट्ट होतात आणि त्या गोळ्यांनीच काहींना जुलाब होतात. रक्त पडणं किंवा जोराचा ताप यासाठी मोठ्या माणसांकरता एखादा कोर्स जवळ असावा. तो कोणता, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांकडून निघण्याआधी लिहून घ्या. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या लांबच्या जीपच्या प्रवासात मोठ्या माणसाला उपयोगी पडतात. ताप किंवा रक्त असेल तर त्या घ्यायच्या नाहीत, आणि भाचीला तर अजिबात द्यायच्या नाहीत.

खरं औषध जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि हजारो जीव वाचवले. छावणीत जमलं ते कॅम्पवर सहज जमतं. माणशी निदान चार मोठ्या पुड्या न्या. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धी-मुर्धी नाही, चव आवडत नाही म्हणून जास्त साखर नाही. पाणी कोमट घ्या, थंडीत ते घशाखाली उतरतं. प्रत्येक जुलाबानंतर कपभर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा, न कंटाळता. पुड्या संपल्या तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खोक्यातली गोड पेयं याच्या जागी नकोत. फॉर्म्युला पाळत नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे. उपाशी ठेवू नका. मऊ खिचडी डोंगरातल्या कुठल्याही किचनमध्ये मिळते.

खाली कधी यायचं? जुलाब चालू असलेला माणूस त्या दिवशी वरच्या कॅम्पला जाणार नाही, हा पहिला नियम. शौचात रक्त, थंडी वाजून जोराचा ताप, आठ तासांत लघवी नाही, प्यायलेलं काहीच टिकत नाही, उभं राहिल्यावर अंधारी, गुंगी, यातलं एकही दिसलं तर खाली. मुलीच्या बाबतीत याहूनही लवकर ठरवा. ओसलाच्या पुढे गेलात की गाडीच्या रस्त्यापर्यंतचा पल्ला मोठा आहे, म्हणून दुपारी तीनला सुरू होणारी चर्चा सकाळी आठला करा. आणि अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखीसह उलट्या असतील, तर त्या आधी उंचीच्या आजाराच्या समजा. उंचीच्या आजारात जुलाब सहसा नसतात, पण माणसाला दोन्ही एकदम होऊ शकतं. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल ठेवून चालायला सांगा. झोकांडी गेली किंवा बोलणं विसंगत झालं तर रात्र असली तरी खाली उतरवा. डायमॉक्स ही उंचीच्या आजाराची गोळी घेणाऱ्याला लघवी जास्त होते, त्याने जास्तच प्यायला हवं.

घरी आल्यावरही महिनाभर लक्ष असू द्या. पुण्यात 2025 च्या सुरुवातीला गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू सापडला होता. असं क्वचित होतं, पण जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांतली ताकद जाऊ लागली, तर घरी थांबायचं नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

राहिले तुमचे सासरे. बासष्टीत हर की दून करता येतं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, काही मूत्रपिंडावर काम करतात. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या तशाच चालू ठेवल्या तर बीपी एकदम खाली येऊ शकतं आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. कोणती गोळी किती दिवस थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. एक प्रत त्यांच्या खिशात, एक तुमच्याकडे, एक गाइडकडे. ही भेट आदल्या आठवड्यावर ढकलू नका. गोळ्या बदलाव्या लागल्या तर नव्या गोळ्यांवर घरीच निदान महिनाभर जायला हवा, म्हणजे ऑगस्टअखेर ती झालेली बरी.